वीज की पेट्रोल? अमेरिकी 'पिकअप'पुढचा पेच

अमेरिकेत 'ट्रक' हा शब्द उच्चारला, की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे महामार्गावरचा दहाचाकी मालट्रक उभा राहत नाही. पुढे चार-पाच जणांना बसता येईल अशी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली 'पिकअप' गाडी त्याला अभिप्रेत असते. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या 'मॉडेल टी' गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली. शेतकरी, सुतार, प्लंबर यांची ही गाडी पुढे हळूहळू शहरी मध्यमवर्गाच्याही दारात येऊन उभी राहिली. फोर्डच्या 'एफ' मालिकेतील पिकअप १९७७ पासून त्या देशातला सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. २०२४ या एका वर्षात तिथे या मालिकेच्या सात लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. ट्रक बाळगणे ही तिथे स्वभावाची खूण मानली जाते. साहजिकच तो पेट्रोलचा घ्यावा की विजेचा, हा वाद जमाखर्चाच्या वहीपुरता उरत नाही.

हा वाद प्रत्यक्ष खरेदीच्या पातळीवर आला तो २०२१ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रिव्हियन या नव्या कंपनीने इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावच्या कारखान्यातून 'आर१टी' ही विजेवर चालणारी पिकअप ग्राहकांच्या हाती दिली. पुढच्या वर्षी फोर्डची 'एफ-१५० लाइटनिंग' आली आणि २०२३ च्या नोव्हेंबरअखेर टेस्लाचा बहुचर्चित 'सायबरट्रक' रस्त्यावर उतरला. आरंभीचा उत्साह दांडगा होता. लाइटनिंगसाठी सुमारे दोन लाख लोकांनी नाव नोंदवले होते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये अमेरिकेत ३३,५१० लाइटनिंग विकल्या गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने निव्वळ विजेवरच्या या गाडीचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि विजेच्या गाड्यांविषयीच्या फेरविचारापोटी १९.५ अब्ज डॉलरचा भार ताळेबंदात दाखवण्याची तयारी केली. त्याआधीच, ३० सप्टेंबर २०२५ रोजी, पात्र विद्युत गाड्यांवर मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत संपुष्टात आली होती. अमेरिकी कुटुंबासाठी पन्नास ते पंचाहत्तर हजार डॉलरची ही खरेदी बहुधा घरानंतरची सर्वांत मोठी असते. चुकली तर ती सात-आठ वर्षे दारात उभी राहून चूक दाखवत राहते.

तुलना नेमकी व्हावी म्हणून दोन गाड्या समोर ठेवणे बरे. एका बाजूला रिव्हियनची चार मोटरींची आर१टी आणि दुसऱ्या बाजूला जीपची 'ग्लॅडिएटर रुबिकॉन'. दोन्ही गाड्या आडवाटेला जाण्यासाठीच बनवलेल्या आहेत. दोघींचा जन्म अमेरिकेतलाच. ग्लॅडिएटर ओहायोतील टोलिडोच्या कारखान्यात तयार होते. ('हायलक्स' ही टोयोटाची पिकअप भारतीय वाचकांना २०२२ पासून परिचित आहे, पण अमेरिकेत ती मिळत नाही, तिच्या जागी १९९५ पासून टोयोटा 'टकोमा' विकते. १९६४ पासून अमेरिका आयात पिकअपवर पंचवीस टक्के जकात आकारत आली. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, त्याचा तो सूड होता. कोंबड्यांच्या भांडणामुळे एका देशातली ट्रकची बाजारपेठ साठ वर्षे परक्यांपासून सुरक्षित राहिली, हा व्यापारनीतीचा एक गमतीदार नमुनाच.)

वीज विरुद्ध पेट्रोल हा वाद बहुतेक वेळा ताकदीवरून रंगतो. दऱ्याखोऱ्यांत, खडकांवर, चिखलात विजेची गाडी टिकेल का, असे विचारले जाते. वास्तविक हा प्रश्न आता जवळपास निकालात निघाला आहे. तो कसा, हे समजून घेण्यासाठी आधी पेट्रोल इंजिनाची एक मूलभूत अडचण ध्यानात घ्यावी लागते. पेट्रोल इंजिन सावकाश फिरू शकत नाही. मिनिटाला सहा-सातशे फेऱ्यांच्या खाली ते बंद पडते आणि त्याचा खरा जोर तर दोन-तीन हजार फेऱ्यांच्या पुढे मिळतो. खडकावर मात्र गाडीला पायी चालणाऱ्या माणसाहूनही हळू सरकायचे असते. इंजिन वेगाने फिरते आहे आणि चाक गोगलगायीसारखे, हे साधण्यासाठी मध्ये गिअरची एक जादा जोडी बसवावी लागते. सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर जीप किंवा 'थार' चालवणाऱ्यांना 'फोर-लो' नावाने ठाऊक असलेला दांडा तो हाच. (जीपचे मराठी मुलखाशी नाते जुने आहे. मुंबईच्या महिंद्र कंपनीने वाहनांच्या धंद्यात पाऊल टाकले ते १९४७ मध्ये विलिस जीपची जोडणी करून.) ग्लॅडिएटर रुबिकॉनमध्ये ही जादा जोडी चारास एक या प्रमाणाची आहे. सर्व गिअर मिळून, या गाडीच्या सुरुवातीच्या हातगिअरच्या आवृत्तीत, इंजिनाच्या ८४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडे. फेऱ्या जितक्या कमी होतात तितका चाकाचा जोर वाढतो. खडकांवरची जीपची सारी ख्याती या गणितावर उभी आहे.

विजेच्या मोटरीला ही अडचणच नाही. ती शून्य फेऱ्यांवरही पूर्ण जोर देते. म्हणून आर१टीमध्ये फोर-लोचा दांडा नाही. तिच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे आणि कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. एक चाक हवेत लोंबकळू लागले की पेट्रोलच्या गाडीत सारा जोर त्या रिकाम्या चाकाकडे वाहून जातो. तो अडवण्यासाठी दोन्ही चाके एकत्र जखडणारी कुलपे लागतात आणि ती रुबिकॉनमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे आहेत. चार मोटरींच्या गाडीत उरलेल्या चाकांच्या मोटरी आपापले काम करतच राहतात.

आकडेही असेच बोलतात. हवेच्या स्प्रिंगांवर उचलून घेतल्यावर आर१टीच्या पोटाखाली ३६ सेंटिमीटरहून अधिक मोकळी जागा राहते. रुबिकॉनखाली सुमारे २८. पाण्यातून जाण्याची मर्यादा आर१टीची ९० सेंटिमीटरच्या पुढे, रुबिकॉनची ७६. याचे कारणही उघड आहे: विजेच्या गाडीला श्वास घ्यावा लागत नाही. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले तर ते जागच्या जागी मरते. एका बाबतीत जीप ठळकपणे पुढे आहे. उभ्या खडकाला नाक न घासता भिडण्याचा कोन तिच्याकडे सुमारे ४३ अंश, तर रिव्हियनकडे सुमारे ३५ अंश. खडकावर चढायचेच असेल तर हे आठ अंश बरेच मोलाचे ठरतात.

डोंगराची चढण हाही विजेचा प्रांत. उंचीवर हवा विरळ होत जाते आणि टर्बो नसलेले इंजिन तीनशे मीटरमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोतील ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर दरवर्षी मोटारींची चढण-शर्यत होते. तिचा ७ मिनिटे ५७ सेकंदांचा विक्रम रोमँ द्युमा या फ्रेंच चालकाने २०१८ साली फोक्सवॅगनच्या विद्युत गाडीने रचला. २०२४ मध्ये त्यानेच लाइटनिंगचे नाव धारण करणाऱ्या फोर्डच्या शर्यतगाडीतून ही स्पर्धा जिंकली. अर्थात दुकानात मिळणाऱ्या लाइटनिंगशी त्या गाडीचे साम्य नावापुरतेच होते. पण तत्त्व खरे आहे. उतरणीवर तर विजेची गाडी अधिकच सुखावह ठरते. तिची मोटर उलट काम करून जनित्र बनते, गाडी आवरते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. पाइक्स पीकवरून उतरणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांचे ब्रेक निम्म्या वाटेवर थांबवून किती तापले आहेत ते तपासले जाते. तिथे या गुणाची किंमत कळते.

तरीही जाणकार जीपवाले विजेच्या गाडीकडे साशंक नजरेने पाहतात, आणि त्यांची शंका अगदीच पोकळ नाही. पहिले कारण वजन. आर१टीचे वजन सुमारे ३,२०० किलो, तर रुबिकॉनचे सुमारे २,३०० किलो. नऊशे किलोंचा हा फरक कोरड्या खडकावर जाणवत नाही. पण ओल्या वाळूत किंवा मऊ चिखलात जड गाडी खोल रुतते आणि ती ओढून काढायला तितकाच दणकट दोर, तितकीच मोठी विंच आणि मदतीला तशीच दुसरी जड गाडी लागते. चाकांचे रबरही लवकर झिजते.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे, आणि या निवडीची किल्ली तिथेच आहे. आर१टीच्या मोठ्या बॅटरीत १३५ किलोवॅट-तास, म्हणजे घरगुती वीजबिलाच्या भाषेत १३५ युनिट ऊर्जा मावते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे गाडीच्या तळाशी पसरलेल्या, शेकडो किलो वजनाच्या त्या संपूर्ण बॅटरीत जेमतेम १५ लिटर पेट्रोलइतकी, अकरा-बारा किलोंत मावणारी ऊर्जा असते! रुबिकॉनची टाकी ८३ लिटरची आहे. बॅटरीच्या मानाने ती साडेपाच पट ऊर्जा घेऊन निघते.

मग विजेची गाडी चालते तरी कशी? ती चालते कारण पेट्रोलचे इंजिन विलक्षण उधळे असते. अमेरिकी सरकारच्या चाचणीनुसार रुबिकॉन एका लिटरला साधारण आठ किलोमीटर जाते. शंभर किलोमीटरला तिला सव्वाबारा-साडेबारा लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ११० युनिट ऊर्जा लागते. तेवढ्याच अंतराला आर१टी सुमारे ३० युनिट घेते. इंजिनात जळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग रेडिएटरमधून आणि धुराड्यातून उष्णता बनून निघून जातो. मोटरीत असे फार थोडे वाया जाते. या काटकसरीच्या बळावरच पहिल्या आर१टीला एका चार्जिंगमध्ये ५०५ किलोमीटरचे प्रमाणपत्र मिळाले. भरलेल्या टाकीवर रुबिकॉन ६७० किलोमीटरच्या आसपास जाते. फरक आहे, पण तो घाबरवणारा नाही.

घाबरवणारी गोष्ट वेगळीच आहे. उधळ्या माणसाचा खर्च वाढला तरी त्याच्याजवळ राशी मोठी असते; काटकसरी माणसाची थैलीच लहान. थंडी, वारा, चढण, मागे जोडलेले ओझे यांनी दोघांचाही खर्च वाढतो. पण थैली लहान असणाऱ्याला त्याचा फटका आधी बसतो. आणि पेट्रोल डब्यातून नेता येते. वीस लिटरचा एक कॅन हौद्यात टाकला, की रुबिकॉनच्या पल्ल्यात दीडशे किलोमीटरची भर पडते. विजेचा असा डबा नाही.

हे नकाशावर पाहिले तर अधिक स्पष्ट होते. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर आणि युटा राज्यातील मोआब हे लाल खडकांचे गाव यांत सुमारे ५७० किलोमीटरचे अंतर आहे. आडवाटेच्या गाड्यांची मोआब ही पंढरीच. १९६७ पासून दर ईस्टरला तिथे जीपवाल्यांचा मेळा भरतो. (या मेळ्यात २०२१ मध्ये खुद्द जीपनेच विजेवरची एक प्रायोगिक रँग्लर आणली होती, आणि मोटरीला गरज नसताना तिला सहा गिअरचा हाताचा दांडा ठेवला होता. ग्राहकाच्या मनाची कंपनीला असलेली जाण यातून दिसते.) डेन्व्हरहून निघालेला रस्ता ३,४०० मीटर उंचीवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडून पश्चिमेला उतरतो. बरोबर फक्त माणसे आणि तंबू असतील तर आर१टीला वाटेत ग्रँड जंक्शन या गावी एकदा चार्जिंग पुरते. कुटुंबाचे जेवण होईतो गाडीचेही होते. चार्जिंगची सोयही पूर्वीपेक्षा सुधारली आहे. २०२३ मध्ये फोर्ड आणि रिव्हियनने टेस्लाशी करार केल्यानंतर टेस्लाच्या जलद चार्जिंग केंद्रांची दारे या गाड्यांना खुली झाली.

आता याच गाडीमागे राहण्याची फिरती खोली, म्हणजे ट्रेलर, जोडून पाहावा. आर१टी पाच टनांपर्यंतचे ओझे ओढू शकते. रुबिकॉनला तितके झेपत नाही. ताकदीचा प्रश्न इथेही नाही. पण उंच, चौकोनी ट्रेलर हवेशी झुंजत जातो आणि अमेरिकेतील वाहनविषयक नियतकालिकांच्या चाचण्यांमध्ये विजेच्या पिकअपचा पल्ला अशा वेळी साधारण निम्म्यावर आलेला दिसला आहे. पाचशेचे अडीचशे झाले. शिवाय बॅटरी अगदी तळापर्यंत कोणी रिकामी करत नाही, आणि जलद चार्जिंग ऐंशी टक्क्यांनंतर मंदावते, म्हणून तेही मध्येच सोडावे लागते. उरतो तो दीड-पावणेदोनशे किलोमीटरचा टप्पा. एका थांब्याचे तीन-चार थांबे होतात आणि प्रत्येक पाऊण तासाचा. त्यात बहुतेक चार्जिंग केंद्रे साध्या मोटारीच्या मापाने आखलेली असल्याने ट्रेलर सोडवून बाजूला ठेवायचा, गाडी लावायची आणि पुन्हा जोडायचा, असा खटाटोप होतो. पेट्रोलच्या गाडीचाही पल्ला ट्रेलरमुळे असाच खाली येतो, हे विसरता कामा नये. फक्त तिची टाकी पाच मिनिटांत भरते.

हौद्यातल्या ओझ्याने होणारे नुकसान तुलनेने कमी असते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०२३ मध्ये लाइटनिंगच्या हौद्यात ६३५ किलो वाळूची पोती भरून पाहिले, तेव्हा तिचा पल्ला पाव हिश्शाने घटला. थंडीचा परिणाम त्याहून कडक असू शकतो. याच संस्थेने २०१९ मध्ये विजेच्या मोटारींची चाचणी घेतली, त्यात उणे सात अंश सेल्सियस तापमानाला हीटर चालू ठेवल्यावर सरासरी ४१ टक्के पल्ला गेला होता. नंतरच्या गाड्यांत उष्णता-पंप आल्याने स्थिती सुधारली आहे. पण मिनेसोटा किंवा मोंटाना राज्यातल्या खरेदीदाराने हा आकडा नजरेआड करू नये.

मोआबजवळच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला 'व्हाइट रिम' हा कच्चा रस्ता शंभर मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा आहे. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि वाटेत ना इंधन मिळते ना पाणी. पूर्ण भरलेली आर१टी कागदोपत्री तो सहज पार करते. पण वाळू, उभे चढ आणि मुक्कामाच्या रात्री धरून हिशेब मांडावा लागतो, आणि परत फिरून मोआबला पोहोचण्याइतकी शिल्लकही ठेवावी लागते. असे प्रवास अशक्य नाहीत. 'मोटर ट्रेंड' या नियतकालिकाने २०२१ च्या उन्हाळ्यात आर१टी ही गाडी 'ट्रान्स-अमेरिका ट्रेल' या कच्च्या वाटांच्या मालिकेवरून देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत नेली. अशा वेळी कामी येतात ती फिरत्या घरांसाठीची तळ-मैदाने. तिथे २४० व्होल्टचा जाड सॉकेट असतो. मात्र त्यावर रिकामी आर१टी भरायला चौदा-पंधरा तास लागतात, म्हणजे मुक्काम कुठे करायचा हे डोंगर ठरवत नाही, सॉकेट ठरवतो. वाट फुटेल तिकडे जाण्याचा आनंद ज्याला हवा असतो, त्याला ही शिस्त जाचते. नियोजनाची आवड असणाऱ्याला ती जाचत नाही.

बिघाडाचे गणितही निराळे आहे. जीपच्या अखंड, जाड ॲक्सलची रचना जुनी आहे, आणि जुनी असल्यामुळेच दुरुस्तीला सोपी. तुटलेला सांधा आडरानात, हत्यारांच्या एका पेटीवर बदलणारे लोक मोआबला दर मेळ्यात भेटतात. सुटे भागही गावोगावी मिळतात. विजेच्या गाडीत बिघडण्यासारखे भाग मुळात कमी आहेत. तेल बदलणे नाही, स्पार्क प्लग नाहीत. परंतु जे बिघडते ते वाटेवर दुरुस्त होत नाही. शहरातही ते स्वस्त नाही. २०२३ मध्ये ओहायोतील एका आर१टीला मागून बसलेल्या मामुली धक्क्याच्या दुरुस्तीचे बिल ४२ हजार डॉलर झाल्याचे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिले होते. गाडीची बाजू मागच्या कोपऱ्यापासून छताच्या खांबापर्यंत एकाच पत्र्याची असल्याने एवढे काम निघाले. विम्याचा हप्ता विचारल्याशिवाय अशी गाडी ठरवू नये, हे यावरून उघड आहे.

पैशाचा हिशेब अनेकदा अर्धवट सांगितला जातो. अमेरिकेत घरगुती वीज युनिटला सरासरी १७ सेंटच्या आसपास पडते. त्या दराने आर१टीचा शंभर किलोमीटरचा खर्च सुमारे पाच डॉलर. पेट्रोल गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, ३.२० डॉलर धरले तर रुबिकॉनचा साडेदहा डॉलर. इथवर वीज निम्म्याने स्वस्त. पण महामार्गावरच्या जलद केंद्रात तीच वीज युनिटला ५० सेंटच्या घरात जाते आणि शंभर किलोमीटरचा खर्च पंधरा डॉलर होतो, म्हणजे पेट्रोलहून महाग! विजेची गाडी स्वस्त पडते ती स्वतःच्या घरी, रात्री, स्वतःच्या मीटरवर भरणाऱ्याला. भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्याला आणि रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्याला ती स्वस्त पडत नाही. वर्षाला वीस हजार किलोमीटर, सगळे घरच्या विजेवर, असे धरले तरी बचत अकराशे डॉलरच्या आसपास राहते. २०२५ मध्ये आर१टीची किंमत सुमारे ७३ हजार डॉलरपासून सुरू होत होती, रुबिकॉनची पन्नास हजारांच्या थोडी पुढे. दोन्ही गाड्यांच्या अंगच्या सोयी सारख्या नाहीत, हे मान्य करूनही वीस हजारांचा हा फरक केवळ इंधनातून भरून निघायला अठरा-वीस वर्षे लागतील. लाइटनिंगने हा फरक मिटवण्याचे आश्वासन दिले होते. २०२१ मध्ये तिची सुरुवातीची किंमत ३९,९७४ डॉलर सांगितली गेली, २०२३ च्या पूर्वार्धात ती ५९,९७४ वर पोहोचली आणि जुलैत पुन्हा ४९,९९५ वर आणावी लागली. दोन वर्षांत ग्राहकाचा विश्वास डळमळायला एवढे पुरेसे होते.

विजेच्या ट्रकचा एक उपयोग मात्र पेट्रोलवाल्यांनाही हेवा वाटावा असा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली, तेव्हा फोर्डच्या पेट्रोल-हायब्रिड पिकअपमधल्या जनित्रावर अनेकांनी घरातले हीटर आणि फ्रिज चालवले. लाइटनिंगमध्ये ही सोय ९.६ किलोवॅटपर्यंत वाढवण्यात आली. आवश्यक ती यंत्रणा बसवल्यास दिवसाला तीस युनिट वापरणारे सर्वसाधारण अमेरिकी घर तीन दिवस चालू शकते, असे कंपनीचे म्हणणे होते. बांधकामाच्या जागेवर करवत, ड्रिल चालवणाऱ्या कारागिराला तर हा हौद्यातला वीजपुरवठा रोजच लागतो. आणि तो रोज संध्याकाळी घरी परततो.

संध्याकाळी घरी परतणे ही या निवडीतली निर्णायक बाब. ज्याची गाडी दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर फिरते, घरी स्वतःचा चार्जर आहे, आडवाट म्हणजे शनिवार-रविवारी शंभर किलोमीटरच्या आतला डोंगर आहे आणि ट्रेलर वर्षातून एखादवेळच जोडायचा आहे, त्याला विजेचा ट्रक पेट्रोलच्या ट्रकपेक्षा जवळपास प्रत्येक बाबतीत सरस वाटेल. खडकावरसुद्धा. ज्याला उन्हाळाभर ट्रेलर ओढायचा आहे, वाळवंटात चार-चार दिवस राहायचे आहे किंवा गाडी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची आहे, त्याने सध्या जीप, टकोमा यांच्याकडेच वळावे. दोन गाड्या बाळगणाऱ्या घराला हा पेच फारसा सतावत नाही. अडचण होते ती एकाच गाडीवर सगळे भागवणाऱ्याची, आणि 'कधीतरी अलास्कापर्यंत जाऊ' या स्वप्नासाठी रोजचा खर्च वाढवून घेणाऱ्याचीही.

कारखानदारांनी यावर काढलेला तोडगा बोलका आहे. फोर्डने लाइटनिंगची पुढची पिढी 'पल्ला वाढवणाऱ्या' इंजिनासह आणण्याचे ठरवले आहे. रॅम कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये निव्वळ विजेच्या पिकअपचा बेत सोडून दिला आणि त्या जागी याच प्रकारची गाडी पुढे केली. फोक्सवॅगनने पुनरुज्जीवित केलेल्या 'स्काउट' या जुन्या नावाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन गाड्या सादर झाल्या, तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी विजेसोबत इंजिन असलेलाच पर्याय निवडला. अशा गाडीत चाके फिरवतात त्या मोटरीच. पेट्रोलचे छोटे इंजिन चाकांना जोडलेलेच नसते, ते फक्त जनित्र फिरवून बॅटरी भरत राहते. स्काउटच्या पिकअपचा पल्ला निव्वळ विजेवर ५६० आणि इंजिनाच्या मदतीने ८०० किलोमीटर असेल, असा कंपनीचा दावा आहे. खडकावर मोटरीचा जोर, रोजच्या फेऱ्यांना घरची वीज आणि मोआबच्या पुढे गेल्यावर हौद्यात वीस लिटरचा तोच डबा, अशी ही तडजोड. तिची किंमत, वजन आणि जलद चार्जिंगचा वेग प्रत्यक्ष चाचणीत उतरेपर्यंत मोआबच्या वाटेवर रिव्हियन आणि जीप याच दोघी एकमेकींना ओलांडत राहणार आहेत.